फरसबी हिरवी ठेवायला सोडा लागतो का?

‘चिमूटभर खायचा सोडा घाला, फरसबी हिरवीगार राहते आणि बाकी काही बिघडत नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला पहिला भाग खरा आहे.

शेंगेचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. शिजताना शेंगेतलीच आम्लं बाहेर येतात, मॅग्नेशियम निसटतं आणि भाजी शेवाळी दिसते. सोडा ते आम्ल मारतो, म्हणून रंग टिकतो. पण तोच सोडा शेंगेला कडकपणा देणारं पेक्टिनही विरघळवतो, आणि क जीवनसत्त्व व थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) झपाट्याने नष्ट करतो.

पडताळायला सोपं आहे. दोन भांड्यांत सारखं पाणी, सारख्या शेंगा, एकातच सोडा. पाच मिनिटांनी बोटांनी दाबून बघा. सोड्याची शेंग आधी गिळगिळीत होते, चवही किंचित साबणासारखी लागते.

रंग वेळेनेच सांभाळता येतो. भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता शिजवा आणि शेंग अजून करकरीत असतानाच काढा. मग मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी आणि ओलं खोबरं. लिंबू मात्र वाढताना पिळा. आधी पिळलंत तर त्याच आम्लाने रंग जातो.