तळ्याकाठच्या बागेचा आराखडा बदलताना : सूचना आणि हरकत कुठे, कधी, कोणत्या कागदांसह नोंदवायची

पुण्यातल्या सारसबागेत रोज फिरणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं की तिथे कधीकाळी पाणी होतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवून घेतलं, मध्ये बेट राखलं. त्या बेटावरचा गणपती आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणूनच ओळखला जातो, पण तळं राहिलेलं नाही. म्हणून कुठल्याही तळ्याकाठी सुशोभीकरणाचा फलक लागला की मी आधी एकच गोष्ट बघते : या नकाशात पाण्याची कड कुठे धरली आहे?

ते विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र तो बजावायची वेळ लवकर टळून जाते.

काम नेमकं कुठवर आलंय?

महापालिकेचं काम साधारण असं सरकतं : सल्लागाराचा आराखडा, मग पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), मग निविदा, स्थायी समितीची मंजुरी आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. निविदा निघण्याआधी दिलेल्या सूचनेने नकाशातली रेघ हलू शकते. कार्यादेश निघाल्यावर तीच सूचना ‘वाढीव खर्चाचा विषय’ होते. त्यामुळे आधी उद्यान विभागात किंवा आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन काम कोणत्या टप्प्यावर आहे, ते विचारा.

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. तो कोणीही भारतीय नागरिक करू शकतो, त्या प्रभागात राहत असण्याची अट नाही. महाराष्ट्रात त्यासाठी नमुना ‘अ’ आहे. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण पुरावा जोडावा लागतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत बसवायचा असतो. म्हणून प्रश्न विचारत बसू नका, कागद मागा : मंजूर आराखड्याची प्रत, पूर्वगणनपत्रक, सल्लागाराचा अहवाल, तळ्याच्या कमाल पूरपातळीची नोंद आणि बाधित झाडांची यादी. मोठे नकाशे झेरॉक्समध्ये वाचता येत नाहीत, त्यामुळे ‘प्रत्यक्ष अवलोकन’ हे शब्दही अर्जात लिहा. उत्तराची मुदत ३० दिवस. ते आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

हरकत कोणत्या कायद्याखाली?

इथे बहुतेकांची गफलत होते. ‘बागेचा आराखडा बदलतोय म्हणजे महापालिकेला सूचना-हरकती मागवाव्याच लागतील’ असं आपण धरून चालतो. तसं नाही. जागेवर आधीपासून उद्यानाचं आरक्षण असेल आणि ते बदलत नसेल, तर फक्त वाटा, बाकं, कारंजी नव्याने मांडण्यासाठी नगररचना कायद्याची जाहीर सूचना निघत नाही. आरक्षण किंवा वापर बदलत असेल तेव्हाच महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ लागू होतं. मग राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते, हरकतीसाठी एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. हरकत कोणीही घेऊ शकतो, भाडेकरूसुद्धा. आरक्षण काय आहे ते पाहायला विकास आराखड्याचा भाग नकाशा किंवा झोन दाखला काढा.

मग आरक्षण तेच असेल तर हातात काय उरतं? दोन गोष्टी, आणि दोन्ही भक्कम आहेत.

पहिली म्हणजे झाडं. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. तोडीचा प्रस्ताव असेल तर वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, झाडावरही कागद लावावा लागतो आणि हरकतीला फक्त ७ दिवस मिळतात. सकाळी फिरताना खोडावर चिकटवलेला कागद दिसला तर त्याच क्षणी फोटो काढा, तारखेसकट. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. जांभूळ किंवा वड जुना असेल तर वयाचा मुद्दा हरकतीत पहिला घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. ते लागू असलेल्या पाणथळीत भराव किंवा अतिक्रमण चालत नाही. शिवाय, हे नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, बोटींचा धक्का सोडला तर, कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. जॉगिंग ट्रॅक, काँक्रीटची भिंत, पाण्यावर पुढे आलेला सज्जा, सगळं याच मापाने तपासायचं. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली तळी मात्र या नियमांतल्या व्याख्येतून वगळलेली आहेत, आणि कार्यालयातून पहिलं उत्तर बहुधा तेच येतं.

तेवढ्यावर माघार घेऊ नका. मुंबईचा पवई तलाव १८९१ सालचा, मानवनिर्मितच आहे. तिथे महापालिकेने हाती घेतलेला सायकल आणि जॉगिंग ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. आपल्या हरकतीत हा निकाल नमूद करा आणि आपलं तळं राष्ट्रीय पाणथळ यादीत आहे का, हेही माहिती अधिकारात विचारा.

पत्र कसं लिहावं, काय जोडावं

स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता, फोन, सही. विषयाच्या ओळीत कामाचं नाव आणि, जाहीर सूचना निघाली असेल तर, तिचा क्रमांक-तारीख. सोबत नकाशाची प्रत, तिच्यावर लाल पेनाने खूण केलेली जागा, तारखेसह फोटो आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स. ‘निसर्ग वाचवा’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर निर्णय देता येत नाही. ‘पश्चिमेकडच्या फाटकापासून बांधापर्यंतची वाट मातीचीच ठेवावी, पेव्हर ब्लॉक नकोत’ असं लिहिलं तर अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नकार नोंदवतानाच पर्यायही द्या. तळ्याकाठी कोण येतं त्याचं साधं टिपण जोडलं तर फार उपयोग होतो : पहाटे चालणारे ज्येष्ठ, शाळा सुटल्यावरची मुलं, कपडे धुवायला येणाऱ्या बायका, गळ टाकून बसणारे, पक्षी बघणारे. कपडे धुणाऱ्या बायका बैठकीला येत नाहीत, कारण ती त्यांच्या कामाच्या वेळेत असते. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून, त्यांना वाचून दाखवून, सही किंवा अंगठा घ्या. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आणि पोच घ्या. आवक क्रमांक, शिक्का, तारीख, तिन्ही. आम्ही एकदा चाळीसेक सह्यांचं पत्र हातोहात देऊन आलो आणि सुनावणीच्या दिवशी कळलं की तशी नोंदच नाही. त्या सह्या गोळा करायला तीन रविवार गेले होते.

छोटी कामं असतील तर

एखादं स्वच्छतागृह, उतार (रॅम्प), सावलीची बाकं हवी असतील तर पुण्यात सहभागी अंदाजपत्रकाची सोय आहे. ती २००६-०७ पासून चालत आली आहे. प्रभागातल्या रहिवाशांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. अर्जाची मुदत आणि कामाची खर्चमर्यादा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत असते, ती पाहूनच भरा. तळ्याची कड सरकवणारं काम यातून सुचवू नका.

सगळं करूनही भराव पडायला लागला तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण प्रथम घडल्यापासून ६ महिन्यांत करावा लागतो. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. म्हणून पहिला डंपर दिसला त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.