शर्ली नावाचा पहिलवान

शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवायला शर्ली टीचर होत्या, वसईहून यायच्या. त्यामुळे ब्रिटनमध्ये टीव्हीवर गाजलेल्या ‘बिग डॅडी’ या अगडबंब कुस्तीगिराचं खरं नाव शर्ली क्रॅबट्री, हे वाचलं तेव्हा छपाईची चूक असणार असंच वाटलं. पण चूक नव्हती. १९३० साली यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सला जन्मलेल्या या पहिलवानाच्या वडिलांचं नावही शर्लीच होतं.

शर्ली हे मुळात माणसाचं नावच नव्हे, ते गावाचं नाव. जुन्या इंग्रजीत शेवटच्या ‘ली’चा अर्थ रानातली मोकळी केलेली जागा, आणि आधीच्या भागाचा अर्थ लख्ख, उजळ. इंग्लंडमध्ये या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. तिथून आलेल्यांना तेच आडनाव चिकटलं, जसा देवरुखचा माणूस देवरुखकर. पुढे जमीनदार घराण्यांत आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून देण्याची चाल पडली. (बारशाला आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करून ‘देवरुखकर’ म्हटलं तर पाळण्याभोवती काय होईल, ते तुम्हीच बघा.)

१८४९ साली शार्लट ब्राँटेची ‘शर्ली’ ही कादंबरी आली. नायिकेच्या आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी. तर मुलासाठी योजलेलं घराण्याचं नाव त्यांनी तिलाच देऊन टाकलं. वाचकांना ते आवडलं आणि खऱ्याखुऱ्या शर्ली जन्माला येऊ लागल्या. हे नाव बालनटी शर्ली टेंपलमुळे पसरलं असं सर्रास सांगतात, पण ते अर्धंच खरं. ती १९२८ साली जन्मली तेव्हाच शर्ली अमेरिकेत चांगलं रुळलेलं होतं. तिने आगीत तेल ओतलं एवढंच. १९३५ साली एकट्या अमेरिकेत ४० हजारांहून अधिक मुलींचं नाव शर्ली ठेवलं गेलं, आणि मेरीखालोखाल त्याचा दुसरा क्रमांक लागला.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या प्रश्नात. अशी नावं मुलांकडून मुलींकडे जातात, मग उलट का येत नाहीत? ॲशली, बेव्हर्ली, लेस्ली, सगळ्यांचा रस्ता एकेरी. थोडा वाटा आवाजाचा आहे. मॉली, पॉली, सॅली या लाडक्या नावांमुळे इंग्रजी कानाला शेवटचा ईकार बायकी वाटतो. (घोडा-घोडीवर वाढलेल्या आपल्या कानालाही वाटतो, हत्ती आणि मोती सोडून.) पण खरं इंजिन वेगळं आहे.

एक खेळ मांडू. एखाद्या नावाची ९० मुलगे आणि १० मुली आहेत. मुलीच्या आईबापांना नाव मुलाचं असलं तरी चालतं, म्हणून मुलींचा आकडा दर फेरीला १० च ठेवू. मुलाचे आईबाप मात्र बिचकतात: नावात मुलींचं प्रमाण जितके टक्के, तितके टक्के मुलगे पुढच्या फेरीत गळतात. पहिल्या फेरीत ९० चे ८१ होतात आणि मुलींचं प्रमाण १० वरून ११ टक्क्यांवर जातं. कुणाच्या लक्षातही येत नाही. आता ११ टक्के गळती, म्हणजे ७२ उरले, प्रमाण १२. पाचव्या फेरीला १८, दहाव्या फेरीला ५१. आणि मग कडा कोसळतो: ६८, ८७, ९८. तेराव्या फेरीत नाव मुलींचं झालं, आणि मुलींची संख्या एकानेही वाढलेली नाही! गळतीमुळे प्रमाण वाढतं, वाढलेल्या प्रमाणामुळे गळती वाढते. वस्त्या आपोआप वेगळ्या कशा पडतात हे थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने अशाच पद्धतीने दाखवलं होतं. वर्गीकरण चालू होतं ते कुणाच्याही हुकुमाशिवाय. गणिताच्या भाषेत, प्रमाण शून्य असेल तर नाव जागच्या जागी राहतं, पण तो समतोल अस्थिर: सुईच्या टोकावर ठेवलेली गोटी. १०० टक्के हा स्थिर समतोल, म्हणजे वाटीच्या तळाची गोटी.

समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदींवरून हेच मांडलं: दोन्हीकडे चालणारी नावं मधल्या जागी फार काळ टिकत नाहीत.

कडा कुठे कोसळेल ते मात्र समाजागणिक बदलतं. १९९१ आणि १९९२ साली ॲशली हे अमेरिकेत मुलींचं पहिल्या क्रमांकाचं नाव होतं, आणि २००१ साली सचिनला लेगस्टंपाबाहेर चेंडू टाकून वैताग आणणारा इंग्लंडचा ॲशली जाइल्स सहा फुटांहून उंच बाप्या होता.

‘शर्ली म्हणजे उजळ, म्हणून या नावाच्या मुली हसतमुख’ असली वाक्यं नावांच्या याद्यांमध्ये धो धो सापडतात. उजळ होती ती रानातली जागा. अश्विनी नक्षत्र म्हणून चू, चे, चो, ला शोधणं किंवा अंकशास्त्री सांगतो म्हणून स्पेलिंगमध्ये जादा अक्षर घुसवणं याच पंगतीतलं. नाव ठेवताना आईबाप शेजारच्या पाळण्याकडे बघतात, ग्रहांकडे नव्हे.

ताजं उदाहरण मॅडिसनचं. १९८४ सालच्या ‘स्प्लॅश’ या सिनेमातली जलपरी न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूची पाटी वाचून ते नाव घेते. ‘हे काय नाव झालं?’ हाच तिथला विनोद. २००१ साली ते अमेरिकेत मुलींच्या यादीत दुसरं होतं. त्यातल्या ‘सन’चा अर्थ मुलगा. मॅकेन्झीतल्या ‘मॅक’चा अर्थही मुलगाच. या दोन नावांच्या मिळून तिथे लाखो मुली आहेत.