दलाल आत, खरेदीदार बाहेर

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा राजद्रोह, झुंडबळी आणि कलमांचे बदललेले आकडे यांवर बरीच चर्चा झाली. कलम 98 आणि 99 मात्र फारशी कुणी उलगडून पाहिली नाहीत. मुलाला किंवा मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणाऱ्याला 98 खाली 10 वर्षांपर्यंत कैद आहे. विकत घेणाऱ्याला 99 खाली किमान 7 आणि कमाल 14 वर्षं. जुन्या दंड संहितेच्या 372 आणि 373 मध्ये दोघांचं माप सारखं होतं, 10 वर्षांपर्यंत. घेणाऱ्याचा गुन्हा देणाऱ्यापेक्षा जड, हे कायद्यानं आता लिहून ठेवलं आहे. ग्वाल्हेर-चंबळ भागात राहणाऱ्याला मात्र पुढचा प्रश्न पडतोच: हा घेणारा ठाण्यापर्यंत पोचतो का?

माणूस विकत घेण्याची लाज वाटणं ही तशी अलीकडचीच गोष्ट. पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणी-बटकींच्या, म्हणजे घरकामाला ठेवलेल्या गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत आणि त्या बैलजोडीच्या नोंदीइतक्याच कोरड्या आहेत. शिंद्यांच्या लष्कराबरोबर उत्तरेत आलेल्या मराठी घरांना ही रीत अनोळखी नव्हती. आपण वाड्यांच्या आठवणी काढतो तेव्हा हे सोयीनं गाळतो. 1843 च्या पाचव्या कायद्यानं कंपनीच्या मुलखात गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयानं मानू नये असं ठरवलं. पण तेवढंच. विकत घेतलं म्हणून तुरुंग नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाराजपूर आणि पन्निहारला शिंद्यांची फौज इंग्रजांशी लढत होती, म्हणजे हा कायदा इथं लागू असण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्षा आली ती 1860 च्या दंड संहितेत, कलम 370 मध्ये: कुणाला ‘गुलाम म्हणून’ विकत घेतलं किंवा विकलं तर 7 वर्षांपर्यंत कैद. ग्वाल्हेर संस्थान असल्यामुळे ती संहिता आपोआप इथं आली नाही. 1948 मध्ये मध्यभारतात विलीनीकरण झालं आणि 1951 च्या केंद्रीय कायद्यानं ती इथं लागू झाली.

गोम होती ‘गुलाम म्हणून’ या दोन शब्दांत. बायको म्हणून आणली, स्वयंपाकपाण्याला आणली, शेतावर ठेवायला आणली, असं म्हटलं की 370 गळून पडे. 373 फक्त अल्पवयीनांसाठी होतं, आणि वयाची ती मर्यादाही 1924 मध्ये 16 वरून 18 वर गेली. राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 नं माणसांचा व्यापार निषिद्ध केला. 1956 चा अनैतिक व्यापारविरोधी कायदा कुंटणखाना चालवणारा आणि दलाल यांच्यावर रोखलेला होता. गिऱ्हाईक त्यात सापडे ते कलम 7 मध्ये, म्हणजे सार्वजनिक जागेच्या आसपास प्रकार घडला तरच, आणि तेही 3 महिन्यांपर्यंत. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बाईला मात्र कलम 8 खाली पहिल्याच वेळी 6 महिने होऊ शकत. धाड पडली की कोण गाडीत बसणार आणि कोण मागच्या दारानं निघणार, हे कायद्यानंच ठरवून टाकलं होतं म्हणा ना.

या भागाचं नाव देशभर गेलं ते एप्रिल 1981 मध्ये. इंडियन एक्स्प्रेसचे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी धौलपूर-मुरैना पट्ट्यातून एक बाई 2,300 रुपयांना विकत घेतली आणि तशी बातमीच छापली. विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकामुळे मराठी माणसाला हे प्रकरण ठाऊक असतं, पण आपल्याकडे चर्चा होते ती पत्रकाराच्या नैतिकतेची. कायद्याच्या अंगानं पाहिलं तर जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. एक प्रौढ बाई रोख मोजून घेतली, तर ‘घेणं’ या कृत्याला थेट पकडणारं कलम तेव्हा हाताशी नव्हतं.

मागणी रोखा म्हणजे पुरवठा आटेल, हा विचार पुढे बाहेरून जोर धरून आला. स्वीडननं 1999 पासून शरीरसंबंध विकत घेणं गुन्हा ठरवलं. 2000 च्या संयुक्त राष्ट्रांच्या तस्करीविरोधी पालेर्मो करारात मागणीला आळा घालण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली गेली; भारतानं तो 2011 मध्ये मान्य केला. आपल्याकडे 2006 च्या दुरुस्ती विधेयकात 5-क हे कलम सुचवलं होतं. तस्करीला बळी पडलेल्या व्यक्तीच्या शोषणासाठी कुंटणखान्यात जाणाऱ्याला 3 महिने कैद किंवा 20,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. देहविक्री करणाऱ्या महिलांच्या संघटनांनी विरोध केला. गिऱ्हाईक घाबरलं की धंदा बंद पडत नाही, तो अंधारात जातो आणि मार खाणारी बाईच असते, असं त्यांचं म्हणणं. ते खोडून काढणं सोपं नव्हतं. विधेयक लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं.

डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीच्या अहवालाच्या रेट्यानं गोष्टी हलल्या. 2013 च्या दुरुस्तीनं 370 मुळापासून बदललं. भरती करणं, नेणं, लपवणं, सोपवणं यांबरोबर ‘स्वीकारणं’ हेही तस्करीत आलं आणि पीडिताची संमती गैरलागू ठरली. शिवाय 370-अ हे नवं कलम आलं. तस्करी झालेली व्यक्ती आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तिचं लैंगिक शोषण करणाऱ्याला शिक्षा: अल्पवयीन असेल तर 5 ते 7 वर्षं, प्रौढ असेल तर 3 ते 5. न्याय संहितेच्या कलम 144 नं वरची टोकं अनुक्रमे 10 आणि 7 वर नेली.

वर्षं वाढली, पण ‘माहीत असताना’ ही अट होती तिथंच राहिली. स्वतःच्या मर्जीनं हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ बाईला आणि तिच्या गिऱ्हाइकाला छळण्यासाठी 370 नाही, हा खुलासा वर्मा समितीनंच केला होता, आणि 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं धाडीत सापडलेल्या एका गिऱ्हाइकावरचं 370 चं कलम टिकू दिलं नाही. 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं दुसरी बाजू घेतली: बाई म्हणजे वस्तू नव्हे, म्हणून तिच्याकडे जाणारा ‘ग्राहक’ म्हणून सुटत नाही, आणि 1956 च्या कायद्याचं कलम 5, म्हणजे वेश्याव्यवसायाला प्रवृत्त करण्याचं कलम, त्याला लागू शकतं. इंग्लंडनं 2009 च्या कायद्यात हा गुंता सरळ कापला. बाईवर जबरदस्ती झालेली असेल आणि तुम्ही पैसे मोजले असतील, तर तुम्हाला ते माहीत होतं की नव्हतं याला किंमत नाही. तिथली शिक्षा मात्र फक्त दंडाची आहे. इथं 7 वर्षांची कैद आणि माहितीची अटच नाही, असा कायदा मला तरी नको वाटतो.

आपल्या भागात खरेदीदार बहुतेक वेळा कोठ्यावर जातच नाही, तो नवरदेव होतो. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात दर हजार पुरुषांमागे 931 स्त्रिया होत्या. भिंडमध्ये 837, मुरैनात 840, ग्वाल्हेरमध्ये 864. ही तूट ओडिशा, झारखंड, बंगालकडच्या मुलींनी भरून काढली जाते. प्रकरण ठाण्यात आलं की त्याचं स्वरूप ठरलेलं. दूरच्या राज्यातल्या एखाद्या ठाण्यात मुलगी हरवल्याची जुनी तक्रार असते. इकडे नवऱ्याच्या हातात देवळातला फोटो आणि नोटरीचा शिक्का मारलेलं शपथपत्र असतं; त्यावर तिचा अंगठा, तोही तिला न समजणाऱ्या भाषेखाली. पैसे ‘लग्नाच्या खर्चाला’ दिले, असं घरचे सांगतात. कडेवर मूल आलेली मुलगी दंडाधिकाऱ्यांपुढे ‘इथंच राहते’ म्हणते, कारण परत जायला घर उरलेलं नसतं. दलालावर आरोपपत्र जातं. नवऱ्याचं नाव साक्षीदारांत.

मुलगी 18 च्या आतली असेल तर आता पळवाट अरुंद आहे. लग्नासाठी विकली गेलेल्या अल्पवयीन मुलीचा विवाह 2006 च्या बालविवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुळातच रद्दबातल आहे, बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, आणि 18 च्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, या 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नवरेपणाची ढालही उरली नाही. प्रौढ मुलीच्या बाबतीत ती ढाल शाबूत आहे. पत्नीवरचा बलात्कार न्याय संहितेतही गुन्ह्यातून वगळलेला आहे, त्यामुळे 144 मधलं ‘लैंगिक शोषण’ लग्नाच्या आत सिद्ध करायला वकील सहसा धजत नाहीत.

‘लग्नाच्या मिषानं’ झालेली तस्करी वेगळी काढून तिला 10 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सुचवणारं विधेयक 26 जुलै 2018 ला लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत ते आलंच नाही आणि 2019 मध्ये लोकसभेबरोबर संपलं. 2021 मध्ये नवा मसुदा निघाला, त्याचा अजून कायदा झालेला नाही. तोवर न्याय संहितेच्या कलम 143 (जुनं 370) मधला ‘स्वीकारणं’ हा शब्द तपासी अधिकाऱ्याच्या हाताशी आहे. पैसे मोजून, बाईच्या असहायतेचा फायदा घेऊन तिला ‘स्वीकारणारा’ हाही तस्करच, असं आरोपपत्र त्यावर उभं करता येतं, आणि तिथं किमान 7 वर्षं आहेत. त्यासाठी नवीन कायदा लागत नाही; एफआयआर लिहिताना नवऱ्याचं नाव साक्षीदारांतून काढून आरोपींत घालावं लागतं.