आजीच्या कपाळावरचं कुंकू का पसरलं?

बडोद्यात सुरसागरच्या काठावर काढलेला आजीचा एक रंगीत फोटो आमच्याकडे आहे. तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. भावाने स्कॅन करून मोबाइलवर मला पाठवला, मी मामाला, मामाने दांडिया बाजारातल्या फोटोवाल्यांना. प्रिंट हातात आली तर कुंकवाचा लाल रंग कपाळावर ओघळल्यासारखा पसरलेला आणि नथीच्या मोत्यांभोवती बारीक चौकोनच चौकोन.

चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, स्कॅन केला की 2400 गुणिले 3600, म्हणजे 86,40,000 ठिपके किंवा पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले तीन आकडे. एका आकड्याला एक बाइट धरला तरी हिशेब 26 एमबीच्या घरात जातो. फोटोवाल्यांकडे पोचलेली फाइल 200 केबीचीही नव्हती. मोबाइलवरून पाठवताना वाटेत पिक्सेल कमी झाले, उरलेलं काम जेपेगने, म्हणजे फोटो आवळून साठवायच्या नेहमीच्या पद्धतीने केलं.

आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून जेपेग उजेड आणि रंग वेगळे काढतं. उजेड पिक्सेलगणिक ठेवतं, रंग मात्र बहुतेक वेळा चार पिक्सेलांत मिळून एकच. आधीच लहान झालेल्या फोटोत कुंकू जेमतेम आठ-दहा पिक्सेलांचं; त्याच्या कडेचा लाल शेजारच्या कपाळात मिसळला.

चौकोनांचं कारण निराळं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकडा सावकाश व भरभर बदलणाऱ्या लहरींची बेरीज म्हणून मांडतं. मग भरभर लहरींचे आकडे ढोबळ करतं, कित्येक तर शून्यच. हे गणित बंगळूरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर 1974 मध्ये प्रसिद्ध केलं. जेपेगचं प्रमाण ठरलं 1992 मध्ये. इतकं देखणं गणित रोज आपल्या खिशात असतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आकडे ढोबळ केल्याने साध्या पदराला काही होत नाही. मोत्याची रेखीव कड मात्र त्या भरभर लहरींवरच उभी असते. शिवाय दर वेळी फोटो लहान करून पुन्हा जेपेगमध्ये साठवला, की उरलेले आकडे आणखी ढोबळ होतात.

पीएनजी ही चित्र साठवायची दुसरी पद्धत एकही आकडा टाकून देत नाही, फक्त सारखेपणा ओळखून घडी घालते. त्यामुळे लग्नपत्रिकेची अक्षरं त्यात स्वच्छ राहतात. फोटोची फाइल मात्र जड होते.

भावाने पुन्हा स्कॅन केलं, पीएनजीत ठेवलं आणि या वेळी फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून थेट दुकानात पाठवलं. फोटोवाल्यांनी स्क्रीनवर आजीचा चेहरा मोठा केला. आईने पुढे वाकून नथीतले मोती मोजले. सात.