अंधारात सिनेमा पाहून चष्मा लागतो का?

“थिएटरच्या अंधारात एवढा मोठा पडदा पाहिला की डोळे बिघडतात, मुलांना नेऊ नका,” हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात, पण त्यात तथ्य नाही.

आधी अंतर बघा. पडदा साधारण 6 मीटरपेक्षा लांब असला की जवळचं पाहताना आवळला जाणारा डोळ्यातला स्नायू जवळजवळ सैल असतो. हातातला मोबाइल पाहताना तोच स्नायू सतत कामाला लागलेला. आता उजेड. पडदा स्वतः पेटत नाही, प्रोजेक्टरचा प्रकाश परत फेकतो. पांढराशुभ्र प्रसंगसुद्धा 48 निट्सच्या आसपास (निट म्हणजे पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक). मोबाइल त्याच्या कित्येक पट प्रखर होऊ शकतो.

मग डोळे चुरचुरतात ते? टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. थोड्या वेळात बरं वाटतं.

मूल नेहमी पुढचीच रांग मागत असेल तर मात्र खरंच लक्ष द्या. पुढे बसल्यामुळे नंबर लागत नाही, आधीच नंबर असल्यामुळे मूल पुढे सरकत असेल. शेवटची श्रेयनामावली सुरू झाली की एकेक डोळा झाकून त्याला नावं वाचायला लावा. अडखळलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.