मधल्या फळीची क्रमवारी: कॉलेज फुटबॉलमधल्या लाइनबॅकरांच्या याद्यांमागचा इतिहास

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो. त्याआधीचे काही आठवडे सरावाशिवाय मैदानावर काही घडत नाही, पण याद्यांना मात्र ऊत येतो. सर्वोत्तम पंचवीस संघ, सर्वोत्तम क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार), आणि मग एकेका जागेवरच्या अख्ख्या फळ्या. त्यातली लाइनबॅकरांच्या फळीची यादी मी सगळ्यांत आधी उघडतो. संघाचा बचाव किती हुशार आहे ते याच फळीवरून कळतं, आणि नेमकी हीच फळी कागदावर ओळखणं सगळ्यांत अवघड असतं. असं का, हे समजायला ही जागा कशी तयार झाली ते पाहावं लागतं.

हा अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. बचावाच्या अकरा जणांचे ढोबळमानाने तीन थर असतात. पुढे धिप्पाड लाइनमन, सगळ्यांत मागे लांबच्या पासवर नजर ठेवणारे डिफेन्सिव्ह बॅक, आणि या दोघांच्या मध्ये लाइनबॅकर. धाव आली तर पुढे घुसून अडवायचं, पास आला तर मागे जाऊन जागा झाकायची आणि कधी सरळ क्वार्टरबॅकवरच चालून जायचं. हा निर्णय घ्यायला त्याला सेकंदभरसुद्धा मिळत नाही. कबड्डीतला कव्हर चढाईपटूच्या पायांवर नजर ठेवून असतो, तसा लाइनबॅकर समोरच्या गार्डकडे, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या ओळीतल्या खेळाडूकडे, बघत असतो. गार्डचं हेल्मेट खाली जाऊन पुढे आलं की धाव, वर राहून मागे सरकलं की पास. चांगला संघ याच खुणेचा फायदा घेऊन त्याला चकवतो. एक जण फसला की त्याची रिकामी जागा दुसऱ्याने त्याच क्षणी भरायची असते. म्हणून इथे सुटा माणूस किती चांगला आहे यापेक्षा तिघांचं आपसातलं गणित किती पक्कं आहे ते मोठं.

सुरुवातीला ही जागाच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही संघ एकमेकांना भिडून उभे राहायचे आणि खेळ म्हणजे निव्वळ रेटारेटी. मिशिगन विद्यापीठाचा अडॉल्फ शूल्ट्झ, ज्याला सगळे ‘जर्मनी’ शूल्ट्झ म्हणायचे, बचावाच्या वेळी ओळीत खाली वाकून बसण्याऐवजी एक पाऊल मागे उभा राहू लागला. तिथून त्याला समोरचा डाव दिसायचा आणि चेंडू जिकडे जाईल तिकडे धावता यायचं. कोच फील्डिंग योस्ट यांना हा प्रकार आधी रुचला नव्हता असं सांगतात. पहिला लाइनबॅकर म्हणून आज शूल्ट्झचंच नाव घेतलं जातं. त्याच सुमारास खेळाचे नियमही बदलले. १९०५ साली मैदानावरचे मृत्यू आणि गंभीर दुखापती इतक्या वाढल्या की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ साली पुढे पास टाकायला मान्यता मिळाली. चेंडू हवेतून जाऊ लागला आणि एक पाऊल मागे उभा असलेला माणूस बचावाची गरज बनला.

शूल्ट्झ मूळचा सेंटर, म्हणजे आक्रमणात चेंडू मागे देणारा. सेंटर आणि लाइनबॅकर ही जोडी पुढे कित्येक वर्षं टिकली, कारण त्या काळी तेच अकरा जण दोन्ही बाजूंनी खेळायचे. मिशिगनच्याच फ्रिट्झ क्रिस्लर यांनी १९४५ साली आर्मीविरुद्ध, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध, आक्रमणाला आणि बचावाला वेगवेगळे खेळाडू उतरवले. १९५३ साली मुक्त बदलीवर बंदी आली, ती साठच्या दशकाच्या मध्यात उठली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा चक बेडनारिक सेंटरही होता आणि लाइनबॅकरही. १९४९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, पहिलं नाव त्याचं. इलिनॉयचा डिक बटकसही दोन्ही जागा खेळला आणि १९६४ साली हाइजमन ट्रॉफीच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात तिसरा आला. बचावपटूसाठी हे तेव्हा अप्रूप होतं.

बटकसच्या नावाने १९८५ साली ऑरलँडोमध्ये सर्वोत्तम लाइनबॅकरचा पुरस्कार सुरू झाला. पहिल्या दोन्ही वर्षी तो ओक्लाहोमाच्या ब्रायन बॉसवर्थने घेतला. बेडनारिकच्या नावाचा पुरस्कार नव्वदच्या दशकात आला. दोन्ही पुरस्कार एकट्या खेळाडूला मिळतात. अख्ख्या फळीला कुठलीच ट्रॉफी नाही, आणि ही उणीव ऑगस्टच्या याद्या भरून काढतात.

फळीचा अभिमान मात्र या पुरस्कारांच्या फार आधीचा आहे, आणि त्याचं माहेर पेन स्टेट. या विद्यापीठाला ‘लाइनबॅकर यू’ (यू म्हणजे युनिव्हर्सिटी) हे बिरुद चिकटलं ते साठच्या दशकाच्या शेवटी, कोच जो पटर्नो यांच्या संघांमुळे. जॅक हॅम हा जॉन्सटाउनचा मुलगा. त्या वर्षी शिल्लक राहिलेली शेवटची स्कॉलरशिप त्याच्या वाट्याला आली होती. पुढे तो प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या जोडीला डेनिस ऑन्कॉट्झ, बायोफिजिक्सचा विद्यार्थी. १९६८ आणि १९६९ अशा लागोपाठ दोन सीझनमध्ये हा संघ एकही सामना हरला नाही. १ जानेवारी १९७० च्या ऑरेंज बोल या सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यात मिझुरीसारख्या जोरकस आक्रमणाचे सात पास या बचावाने पळवले आणि सामना १०-३ असा जिंकला. तरीही राष्ट्रीय विजेतेपद टेक्सासला गेलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तर डिसेंबरमध्येच टेक्सासला पहिला क्रमांक जाहीर करून टाकला होता. पेन स्टेटचे जुने चाहते हे आजही विसरलेले नाहीत, आणि मला त्यांचा राग रास्त वाटतो.

शेन कॉन्लन, लव्हार ॲरिंग्टन, पॉल पॉसलझ्नी, डॅन कॉनर, मायका पार्सन्स अशी ही परंपरा पुढे चालू राहिली. तिचा एक परिणाम याद्यांवरही झाला: पेन स्टेटच्या लाइनबॅकरांना नावाच्या पुण्याईवर थोडी वरची जागा मिळू लागली.

याद्या करणाऱ्यांची परंपराही जुनी. असोसिएटेड प्रेसचे क्रीडा संपादक ॲलन गूल्ड यांच्या पुढाकाराने १९३६ साली संघांचं साप्ताहिक मतदान सुरू झालं. सीझनपूर्व मतदान १९५० पासूनचं. उन्हाळ्यात निघणारी जाडजूड प्रिव्ह्यू मासिकं वेगळी. स्ट्रीट अँड स्मिथचं वार्षिक चाळीसच्या दशकात घरोघरी पोचलं, ॲथलॉन १९६७ साली आलं. पण एकेका जागेची फळी घेऊन देशभरातल्या संघांना क्रम देण्याची सवय खरी रुजवली ती १९९५ साली सुरू झालेल्या फिल स्टील यांच्या मासिकाने. बारीक टायपात ठासून भरलेली त्यातली पानं अनेक कोचही वाचतात.

या क्रमवारीचा आधार म्हणजे मागच्या वर्षीचे किती जण परत आलेत, त्यांच्या नावावर किती टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला खाली पाडणं) आहेत आणि शाळेत असताना निवडतज्ज्ञांकडून त्यांना किती स्टार मिळाले होते. यातला टॅकलचा आकडा फसवा. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने बचावातले वैयक्तिक आकडे अधिकृतपणे मोजायला २००० साली सुरुवात केली, त्याआधी प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीने मोजायचं. शिवाय ज्या बचावाला मैदानावर जास्त वेळ उभं राहावं लागतं तिथे टॅकल जास्त होतात. बोस्टन कॉलेजच्या ल्यूक कीक्लीने २०११ साली १९१ टॅकल केले. तो खरोखर असामान्य होता, पण कुठल्याही लाइनबॅकरचा आकडा बघताना त्याच्या संघाने चेंडू किती वेळ स्वतःकडे ठेवला हे विचारायला हवं.

कागद आणि मैदान यांतलं अंतर सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते २००८ साली सदर्न कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूएससीच्या संघात. पीट कॅरल हेड कोच, लाइनबॅकरांचे कोच केन नॉर्टन ज्युनियर, स्वतः एनएफएल गाजवलेले. सीझनआधीच्या प्रत्येक यादीत दोन नावं ठळक होती: रे मावालुगा आणि ब्रायन कुशिंग. १३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये ओहायो स्टेट आली. मावालुगाने एक पास हवेतच पकडला आणि ४८ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. सामना ३५-३. यादी करणाऱ्यांना वाटलं, झालं, आपण बरोबर होतो.

बाराच दिवसांनी हाच संघ पहिल्या क्रमांकावर असताना ओरेगन स्टेटच्या गावी, कॉर्व्हॅलिसला गेला. ओरेगन स्टेटचा पहिल्या वर्षाचा जॅक्विझ रॉजर्स, उंची साडेपाच फुटांच्या आसपास. आपल्या उंचापुऱ्या लाइनमनच्या मागे तो दिसेनासाच व्हायचा आणि दिसेपर्यंत बाजूने निघून गेलेला असायचा. त्याने १८६ यार्ड धावा काढल्या आणि यूएससी २७-२१ अशी हरली. लाइनबॅकरला आधी दिसावं लागतं, मगच अडवता येतं, आणि नजरेचा हा भाग कुठल्याही तक्त्यात नोंदला जात नाही.

त्यानंतर हा संघ एकदाही हरला नाही. पण या फळीची मोठी गोष्ट तिसऱ्याची आहे. क्ले मॅथ्यूज स्कॉलरशिपशिवाय संघात आला होता. बाप यूएससीचाच लाइनबॅकर, काकाही तिथलाच, तरी शेवटच्या वर्षापर्यंत त्याला सुरुवातीच्या अकरात जागा नव्हती. ऑगस्टच्या याद्यांत त्याचं नाव असलंच तर शेपटाला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये कुशिंग पंधरावा गेला, मॅथ्यूज सव्विसावा, मावालुगा दुसऱ्या फेरीत आणि चौथा लाइनबॅकर कलुका मायावा चौथ्या फेरीत. एका कॉलेजची अख्खी फळी एकाच वर्षी एनएफएलमध्ये. ती फळी सर्वोत्तम होती हे आधी ओळखलेल्यांनासुद्धा ती का सर्वोत्तम होती, ते ओळखता आलेलं नव्हतं.

मोजायचं कोणाला, हाही प्रश्न हळूहळू किचकट झाला. लॉरेन्स टेलर नॉर्थ कॅरोलायनाकडून क्वार्टरबॅकवर धावून जायचा, तेव्हा तो लाइनबॅकर होता. आज तशा खेळाडूला एज म्हणतात आणि त्याची यादी वेगळी लागते. अलाबामाच्या विल अँडरसनने २०२१ साली १७.५ सॅक केले, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं. त्याला लाइनबॅकरांत धरलं तर अलाबामा वर, नाही धरलं तर खाली. दुसऱ्या बाजूला आक्रमणं मैदानभर पसरली आणि तिसऱ्या लाइनबॅकरची जागा एका जास्तीच्या बॅकने घेतली. टीसीयूचे (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे) कोच गॅरी पॅटरसन तर चार-दोन-पाच, म्हणजे चार लाइनमन, दोन लाइनबॅकर, पाच बॅक, ही रचना कायमचीच खेळायचे. १ जानेवारी २०११ ला रोझ बोलमध्ये टीसीयूविरुद्ध दोन मिनिटं उरलेली असताना विस्कॉन्सिनने २१-१९ केलं आणि बरोबरीसाठी दोन गुणांचा पास टाकला. टीसीयूचा लाइनबॅकर टँक कार्डर क्वार्टरबॅकवर जायला निघालेला, वाटेतच अडवला गेला. तो तिथेच थांबला, एक पाऊल मागे आला, हात वर केला आणि पास खाली पाडला. शंभर वर्षांपूर्वी शूल्ट्झने नेमकं हेच शोधलं होतं.

आता तर परत आलेल्या खेळाडूंचा आधारही डळमळला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं आणि २०२१ पासून एकदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट गेली. टेनेसीचा हेन्री टोओटोओ त्याच वर्षी अलाबामाकडून खेळला. जॉर्जियाने मात्र २०२१ साली घरच्याच तिघांवर भिस्त ठेवली: नकोबी डीन, क्वे वॉकर आणि चॅनिंग टिंडल. टिंडल राखीवातून येणारा, पण आला की वेग तसाच राहायचा. सामन्यामागे जेमतेम दहा गुण देत या बचावाने १९८० नंतरचं पहिलं विजेतेपद आणलं. डीनला बटकस पुरस्कार मिळाला, पण ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेला तो वॉकर. डीन ८३ वा.

२०२२ साली तिघेही गेलेले होते. साहजिकच जॉर्जियाच्या लाइनबॅकरांविषयी ऑगस्टमध्ये शंका होती. जमॉन डुमास-जॉन्सन आणि स्माएल मॉन्डन ही नवी जोडी उभी राहिली, डुमास-जॉन्सन बटकस पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचला आणि जॉर्जियाने अंतिम सामना टीसीयूविरुद्ध ६५-७ असा जिंकला. पुढे २०२४ च्या सीझनला हाच डुमास-जॉन्सन पोर्टलमधून गेला आणि केंटकीच्या फळीत मोजला गेला.