अ‍ॅल्युमिनियमला डाग देताना

हल्ली फेसबुक उघडलं की तो व्हिडिओ हटकून समोर येतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या अ‍ॅल्युमिनियम कॅनला भोक पाडायचं, खाली लायटर धरायचा, चंदेरी काडी टेकवायची, की भोक गायब. वर ‘वेल्डिंग मशीन विसरा’ आणि ‘नॅनो टेक्नॉलॉजी’ अशी जाहिरात. नॅनो म्हणावं असं त्यात एकच आहे आणि ते काडीत नसून कॅनवर आहे.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर ते इतक्या झटकन गंजतं की आपल्याला कळतही नाही. कानस मारून पत्रा चकचकीत केला, तरी हात थांबायच्या आत हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर ऑक्साइडचा नवा थर चढवलेला असतो. जाडी फार तर ३–४ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), पण घट्ट आणि बिनछिद्र. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो, हा सुटत नाही. म्हणून खिडक्या वर्षानुवर्षं टिकतात आणि म्हणूनच त्यांना डाग, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, बसत नाही.

कारण अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला आणि हे ऑक्साइड जवळपास २०७० अंशांना. तापवत गेलात तर आतला धातू पातळ होतो, पण वरचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा तसाच राहतो. दोन तुकड्यांचे रस शेजारी येऊनही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यात दिवसाउजेडी अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लालबुंद होऊन इशाराही देत नाही. आता होईल, मग होईल म्हणत आपण गॅस टॉर्च धरून बसतो आणि अख्खा कोपरा खाली गळतो.

पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि कथील सर्रकन पसरतं. तापलेला नवसागर तांब्या-जस्ताच्या ऑक्साइडचं क्लोराइड करून पृष्ठभाग मोकळा करतो. अ‍ॅल्युमिनियमची ऑक्सिजनवरची पकड याहून कितीतरी घट्ट, तिथे नवसागराची मात्रा चालत नाही. वर्कशॉपमधलं आर्गन वेल्डिंग हा पापुद्रा विजेने फोडतं. एसी म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या एका अर्ध्या फेरीत ऑक्साइड उडतं, आणि नवं ऑक्साइड धरू नये म्हणून भोवती आर्गन वायूचं पांघरूण असतं. ते मशीन घरी कोण ठेवणार?

काडीची युक्ती वेगळी आहे. शुद्ध जस्त ४१९ अंशांना वितळतं, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला. पण वजनाने ९५ भाग जस्त आणि ५ भाग अ‍ॅल्युमिनियम एकत्र केलं तर मिश्रण ३८१ अंशांनाच पातळ होतं, दोघांच्याही आधी. बाजारातल्या पुष्कळ काड्या याच्या आसपासच्या. म्हणजे मूळ तुकडा वितळायला अजून पावणेतीनशे अंशांचा अवकाश असताना जोडाचा धातू वाहू लागतो. तरीही तो ऑक्साइडला चिकटत नाही, गोळ्या होऊन घरंगळतो. म्हणून त्या रसाखालीच स्टीलच्या तारेच्या ब्रशने किंवा काडीच्या टोकाने खरवडायचं. सगळी गंमत इथे आहे. पापुद्रा फाटतो आणि उघड्या पडलेल्या धातूला हवा भेटायच्या आधी जस्त भेटतं. जस्त अ‍ॅल्युमिनियममध्ये मुबलक विरघळतं, अगदी घन अवस्थेतसुद्धा. त्यामुळे रस त्या ओरखड्यातून आत शिरून पापुद्र्याच्या खालून आडवा सरकतो आणि शेजारचं ऑक्साइडही उचलून काढतो. ते मळीसारखं वर तरंगतं. व्हिडिओत ही खरवड बहुधा कापलेली असते.

लायटरचंही तसंच. कॅनचा पत्रा ०.१ मिलिमीटरच्या आसपास, तो लायटरने तापतो. तीन मिलिमीटरच्या ब्रॅकेटवर लायटरचा काही उपयोग नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम साध्या पोलादाच्या चार-पाच पट वेगाने उष्णता पळवतं. चांगला गॅस टॉर्च हवा. तुकडा लोखंडी व्हाइसमध्ये (शिकंजात) न धरता विटेवर ठेवा. व्हाइस सगळी उष्णता पिऊन टाकतो. ज्योत काडीवर नाही, तुकड्यावर. काडी तुकड्याच्या उष्णतेनेच वितळली पाहिजे. अ‍ॅनोडाइज केलेल्या सेक्शनवर (खिडक्या-दारांच्या पट्ट्यांवर) ऑक्साइड मुद्दाम जाड वाढवलेलं असतं, काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. तिथे आधी कानशीने घासण्याला पर्याय नाही. आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. जस्त फार तापलं की त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

कूलरची जाळी, स्क्रू बसवायचा तुटलेला कान, पंख्याचं कव्हर यांना हा जोड उत्तम. शिडीला मात्र नको, आणि ते जोड कच्चा असतो म्हणून नव्हे. खिडक्यांच्या सेक्शनसाठी ६०६३ सारखे मिश्रधातू वापरतात, शिड्यांनाही त्याच जातीचे. त्यांची ताकद कारखान्यातल्या ठरावीक तापवण्यातून आलेली असते. तुम्ही चारशे अंशांपर्यंत तापवलंत की जोडाशेजारचा भाग मऊ पडतो. जोड शाबूत राहतो आणि शिडी त्याच्या बाजूला वाकते. कुकर आणि कढईलाही नकोच. रिकामी कढई मोठ्या आचेवर विसरली तर ३८१ अंश फार लांब नसतात.

रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत आणखी एक भानगड. ओल्या मिठात जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या आधी झिजतं. जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात त्या याच गुणासाठी. तिथे ते मुद्दाम बळी दिलेलं असतं, इथे बळी जातो तो तुमचा जोड. तेव्हा किनाऱ्यावर राहत असाल तर गार झाल्यावर जोड नीट धुवा, वाळवा, आणि वर प्रायमरसकट रंगाचे दोन हात द्या.